शिवार आणि वस्ती : येळवसची भज्जी, शेततळ्याचे पाणी आणि माळवदाचे घर

या महिन्यात आलेल्या पत्रांतून सहा पत्रे निवडली आहेत. काही पत्रे लांब होती, त्यांचा गाभा कायम ठेवून ती आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : आमची मध्यम काळी, कोरडवाहू पाच एकर जमीन आहे. बारा-तेरा वर्षे खरिपात सोयाबीन आणि ओल राहिली तर रब्बीत हरभरा, एवढेच घेतो. उतारा घटत चालला आहे, खर्च मात्र दरवर्षी वाढतो. बैल विकले, दावणीला आता एक म्हैस आहे. यंदापासून पूर्ण सेंद्रिय शेती करावी, असा मुलीचा आग्रह आहे. करावी का?
— एक शेतकरी भगिनी, औसा तालुका

उत्तर : ताई, मुलीचा रोख बरोबर आहे, तिच्या वाक्यातले ‘यंदापासून’ आणि ‘पूर्ण’ हे दोन शब्द मात्र तूर्त बाजूला ठेवावे लागतील. त्याचे कारण तुमच्या दावणीत आहे. एका मोठ्या जनावराच्या वर्षभराच्या शेणापासून नीट कुजलेले खत दीड-दोन टनांपेक्षा फारसे जास्त मिळत नाही, आणि त्यातलेही काही गोवऱ्यांना जाते. एकरी दोन टन एवढा माफक हिशेब धरला तरी पाच एकरांना दहा टन खत लागेल. म्हणजे दावणीला पाच-सहा जनावरे हवीत, आणि तुमच्याकडे एक म्हैस आहे. रासायनिक खत एका दिवसात बंद केले आणि त्याच्या जागी द्यायला काही नसले, तर पहिली दोन वर्षे पीक उपाशी राहते आणि घरातल्यांचा त्या पद्धतीवरचा विश्वास कायमचा उडतो. ही चूक मी स्वतः केलेली आहे. उत्साहाच्या भरात मी तीनही एकर एकाच मृगात ‘विषमुक्त’ केले. श्रावणात सोयाबीनपेक्षा केना आणि लव्हाळा उंच झाला, खुरपणीच्या मजुरीत बियाण्याचेही पैसे गेले आणि वडिलांनी पुढचे वर्षभर त्या विषयावर माझ्याशी बोलणे टाळले.

म्हणून सुरुवात एका एकरापासून करावी. लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांत स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने बायकांच्या हाती घरच्या रानातला साधारण एक एकर देऊन त्यात आधी घरात खायची पिके घेण्याची रीत रुजवली. त्या कामाला 2016 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिकही मिळाले. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट पारितोषिकाहून वेगळी वाटते. त्या एका एकरात काय पेरायचे, हे ठरवण्याचा अधिकार बाईकडे आला आणि ती सहसा एकच पीक पेरत नाही.

आपले रान किती सुदृढ आहे, हे पाहण्याची एक घरगुती कसोटी आपल्या भागात पूर्वीपासून आहे. येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात कडब्याची कोप करून आपण भज्जी आणि आंबील नेतो. त्या भज्जीत तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे पडतात. शेंगदाणे, मेथी, गाजर, चिंचेचा कोळ पडतो. आंबिलीला ज्वारी लागते आणि उंड्यांना बाजरी. यंदा त्या भांड्यात पडलेल्यांपैकी किती वस्तू आपल्या बांधाच्या आतल्या होत्या आणि किती बाजारातून आणल्या, हे बोटांवर मोजून पाहा. बारा वर्षे सोयाबीन-हरभरा घेणाऱ्या घरात हा आकडा बहुधा दोनच्या पुढे जात नाही. तुमच्या एका एकराचा आराखडा या भज्जीवरूनच करता येईल. खरिपात तूर, मूग, उडीद, चवळी, थोडे तीळ, कडेला अंबाडी, घराजवळच्या कोपऱ्यात भाज्या. मूग-उडीद निघाल्यावर त्या पट्ट्यात रब्बी ज्वारी, आणि ज्वारीच्या कडेने करडईच्या दोन-चार ओळी. करडईच्या काट्यांमुळे मोकाट जनावर आत शिरत नाही, हे जुने शहाणपण आहे. ज्वारीत ‘परभणी मोती’ आणि लोह-जस्त अधिक असलेली ‘परभणी शक्ती’ हे दोन्ही वाण परभणीच्या कृषी विद्यापीठाचे आहेत. ज्वारीबरोबर कडबा येतो, कडब्यावर म्हशीच्या जोडीला आणखी एक जनावर उभे राहते आणि त्यातून शेणाचा प्रश्न थोडा हलका होतो. सोयाबीनने आपल्या घरातून ज्वारी नेली तेव्हा कडबा नेला आणि कडब्यामागोमाग बैल गेले. ही साखळी उलटीही ओढता येते, फक्त तिला वेळ लागतो.

उरलेल्या चार एकरांत सोयाबीन राहू द्यावे, पण ते एकटे नसावे. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी, अशी पेरणी करावी. तुरीचे मूळ खोल जाते, तिचा पाला रानातच गळतो, आणि ऑगस्टमधल्या उघडिपीने सोयाबीन मार खाते तेव्हाही तूर तग धरते. लवकर येणारी तूर हवी असेल, तर बदनापूर केंद्राचा ‘बीडीएन-711’ हा वाण आहे. सोयाबीन द्विदल आहे, म्हणून ते जमिनीला नत्र देते, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे, कारण त्या नत्राचा मोठा वाटा दाण्यांच्या पोत्यांतून मोंढ्यावर जातो आणि उरलेली गुळी, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, आपण एक तर विकतो किंवा बांधावर पेटवतो. गुळी विकायची नाही आणि पेटवायचीही नाही, एवढा एक नियम या वर्षापासून चारही एकरांना लावा. त्याला एक रुपयाही खर्च येत नाही.

बियाण्याचा खर्चही लगेच कमी करता येईल. सोयाबीन हे स्वपरागीत पीक असल्यामुळे घरचे चांगले बियाणे दोन-तीन वर्षे वापरायला हरकत नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि आठवड्याच्या आत किती उगवले ते मोजावे. सत्तर उगवले तर एकरी 30 किलो बियाणे पुरते. त्याहून कमी उगवले तर दर दाण्यामागे अर्धा किलो वाढवावे. सोयाबीनच्या दाण्याचे साल नाजूक असते. पोती एकावर एक रचली, उंचावरून आपटली किंवा मळणीयंत्र जास्त वेगाने चालवले, तर बियाणे फुटून निकामी होते आणि आपण दोष कंपनीच्या नाहीतर पावसाच्या माथी मारतो. पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करावी. गावात पहिली तिफण कोणाची निघाली, यावर आपली पेरणी ठरवू नये.

प्रश्न : शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर टाकून ते हिवाळ्यात बोअरच्या पाण्याने भरून ठेवावे, म्हणजे उन्हाळ्यात मोसंबी वाचते, असे शेजारी सांगतात. तळे 30 बाय 30 मीटरचे आहे. सल्ला द्यावा.
— एक बागायतदार, अंबड तालुका

उत्तर : दादा, तुमचे तळे तीन मीटर खोल आणि नेहमीच्या उताराचे असेल, तर त्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. जमिनीखालचे पाणी वर काढून उघड्या तळ्यात ठेवणे म्हणजे माठातले पाणी परातीत ओतून उन्हात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पाण्याच्या उघड्या पृष्ठभागावरून दिवसाला सात मिलिमीटर पाणी सहज उडते. भरलेल्या तळ्याचा पृष्ठभाग 900 चौरस मीटर असतो, म्हणजे रोजचे सहा हजार लिटरांहून अधिक पाणी कोणत्याही झाडाला न मिळता जाते. हे पाणी उपसायला लागलेली वीजही त्याबरोबरच जाते.

याहून मोठा प्रश्न खालच्या खडकाचा आहे. मराठवाड्याच्या बहुतेक भागात काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण आहे. पावसाचे पाणी प्रामुख्याने वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरांत साठते, आणि हाच थर आपल्या जुन्या विहिरींना पाणी पुरवतो. पाचशे-सातशे फुटांवर लागणारे पाणी बारीक भेगांत अतिशय सावकाश साचलेले असते. ते एका उन्हाळ्यात संपते आणि पुढच्या पावसाळ्यात परत भरेलच, असे नाही. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल अधिनियमाने शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना बंदी घातली आहे, ती याच कारणाने. प्रत्यक्षात बोअरची गाडी गावात रात्री येते, आणि ती रात्रीच का येते, हे सगळ्यांना ठाऊक असते.

शेततळे जरूर करावे, पण ते पावसाच्या वाहत्या पाण्याने भरावे. एका एकरावर 700 मिलिमीटर पाऊस पडला, तर ते सुमारे 28 लाख लिटर पाणी होते. त्यातला सातवा हिस्सा वाहून जातो असे धरले, तर तुमचे तळे भरायला वरच्या बाजूचे पाच-सहा एकर रान पुरेल. तळ्याची जागा त्या रानाच्या उतारावर धरावी; रस्त्याकडेला सोयीची जागा आहे, म्हणून तिथे खोदू नये. तळ्यात पाणी येण्याआधी गाळ अडवणारा छोटा खड्डा ठेवावा. हे पाणी ऑगस्ट-सप्टेंबरच्या उघडिपीत पिकाला एकदा दिले, तर त्याची खरी किंमत वसूल होते. 50 मिलिमीटरचे एक संरक्षित पाणी एकराला सुमारे दोन लाख लिटर लागते. तेव्हा गळती-बाष्पीभवन वजा जाता हे तळे आठ-नऊ एकर कोरडवाहू पीक एकदा वाचवू शकते.

मोसंबीसाठी मात्र आणखी एक हिशेब करावा लागेल. ज्या वर्षी पाऊस कमी पडेल, त्या वर्षी आपण किती झाडे जगवू शकतो, तेवढीच झाडे लावावीत. चांगल्या वर्षाच्या भरवशावर वाढवलेली बाग वाईट वर्षी टँकरवर जगवावी लागते आणि टँकरचे देणे फेडता फेडता पुढची दोन वर्षे जातात. जे मोसंबीला, तेच उसाला जास्तच लागू आहे. उसाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते, म्हणजे एकरी सुमारे 80 लाख लिटर. तीन एकरांवरचा पाऊस थेंबही न सोडता गोळा केला, तर एक एकर ऊस होतो. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पिण्याच्या पाण्याची रेल्वे आली, तेव्हा पहिल्या गाडीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी होते. तीन गुंठे उसाला जेवढे वर्षभरात लागते तेवढेही ते नव्हते, आणि ते पाहायला स्टेशनवर गर्दी लोटली होती.

प्रश्न : निंबोळी अर्क फवारूनही अळी जात नाही. अर्क कुचकामी आहे का?
— एक युवा शेतकरी, सेलू तालुका

उत्तर : अर्क कुचकामी नाही, तो अळी मोठी झाल्यावर फवारला जातो, म्हणून तसे वाटते. निंबोळीने अळी जागेवर मरत नाही. तिची भूक आणि वाढ थांबते, पतंग अंडी घालायला कचरतात. त्यामुळे पिकावर अंडी आणि नुकत्याच निघालेल्या अळ्या दिसत असतानाच फवारणी व्हावी. उन्हाळ्यात पडलेल्या निंबोळ्या सावलीत वाळवून ठेवाव्यात. पाच किलो भरड रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्याने गाळावी, 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून मिसळावा आणि एकूण 100 लिटर पाणी करावे. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारावे. शिळा अर्क, भर दुपारची फवारणी किंवा दोन वर्षांपूर्वीच्या बुरशी आलेल्या निंबोळ्या, यांतले काही होत असेल तर आधी ते सुधारावे.

प्रश्न : गावात घर बांधायचे आहे. वडील म्हणतात, जुन्या माळवदासारखा थंडावा स्लॅबला नाही. गवंडी म्हणतो, माळवद म्हणजे मरण. आम्ही भूकंपग्रस्त पट्ट्यातले आहोत.
— एक शिक्षक, निलंगा तालुका

उत्तर : सर, दोघेही खरे बोलत आहेत, आणि म्हणूनच तुमचे पत्र मी दोन दिवस टेबलावर ठेवले.

माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घराचा, थंडावा हा केवळ आठवणीतला भास नाही. दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत आणि वरचा मातीचा थर दिवसाची उष्णता हळूहळू शोषतात. ती आतपर्यंत पोहोचायच्या आत रात्र होते. छताच्या साण्यातून, म्हणजे झरोक्यातून, तापलेली हवा वर निघून जाते आणि खाली मंद उजेड येतो. उलट, चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दुपारपर्यंत तापतो आणि रात्री अकरापर्यंत ती ऊब खोलीत सोडत राहतो. म्हणून मे महिन्यात गावोगावी माणसे गच्चीवर झोपतात आणि घर रिकामे असते.

पण 30 सप्टेंबर 1993 ची, किल्लारीच्या भूकंपाची पहाटही खरी आहे. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झाले होते, गावे दमून झोपली होती. त्या पहाटे आठ हजारांच्या आसपास माणसे गेली, ती बहुतांशी स्वतःच्या घराखाली. एक साधा हिशेब मांडतो. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर एक फूट मातीचा थर असेल, तर त्याचे वजन सुमारे साडेचार टन होते. पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी दरवर्षी नवी माती टाकण्याची रीत होती, त्यामुळे अनेक घरांत हा थर त्याहूनही वाढत गेलेला होता. त्याखालची भिंत बाहेरून एकसंध दिसे, पण ती प्रत्यक्षात दगडांच्या दोन पदरांची होती आणि मध्ये मातीचा भराव. दोन्ही पदरांना शिवणारा लांब दगड क्वचितच घातलेला असे. हादरा बसला तेव्हा पदर सुटले आणि छत खाली आले. तेव्हा मारक ठरली ती न बांधलेली भिंत आणि तिच्यावर दरवर्षी चढत गेलेले ओझे. दगड आणि माती यांना सरसकट अपराधी धरू नये.

त्यानंतर 52 गावे नव्या जागी वसवली गेली. घरे सुरक्षित झाली, याबद्दल कृतज्ञच असले पाहिजे. पण ती गावे काटकोनी रस्त्यांची, जुन्यापेक्षा कितीतरी पसरट झाली. सावली देणाऱ्या बोळी गेल्या, गोठा, कणग्या आणि सरपण ठेवायला जागा पुरेना. आज त्या गावांत फिरताना दिसते की लोकांनी घरापुढे पत्र्याचा सोपा उतरवला आहे, मागे चूल मांडली आहे, कडुनिंब वाढवला आहे. रहिवाशांनी आपल्या हातांनी केलेल्या या दुरुस्त्याच तुमच्या घराचा पहिला आराखडा समजाव्यात.

तुम्हाला मी असे सुचवेन. घर स्लॅबचेच करावे, पण जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या वर आणि छताखाली असे सलग काँक्रीटचे तीन पट्टे असावेत आणि कोपऱ्यांत उभ्या सळ्या असाव्यात. हे काम तालुक्याच्या जाणत्या अभियंत्याकडून तपासून घ्यावे. पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे. दगडी भिंत हवी असेल, तर दोन्ही पदर शिवणारे दगड ठरावीक अंतरावर घालून घ्यावेत आणि बांधकाम चालू असताना स्वतः उभे राहून ते मोजावेत. पश्चिमेकडे झोपायची खोली ठेवू नये. तिकडे न्हाणीघर, कोठार किंवा जिना घ्यावा आणि भिंतीपासून दहा-बारा फुटांवर कडुनिंब लावावा. स्लॅबवर दर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात द्यावा. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. साण्याच्या जागी छताजवळ समोरासमोर दोन झरोके ठेवावेत. आणि वडिलांसाठी पूर्वेला एक ओसरी काढावी. माळवदाबद्दल ते जे बोलतात, त्यातले निम्मे ओसरीबद्दलचे असण्याची शक्यता आहे.

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या विस्तारित गावठाणात चाळीस घरांची वसाहत होणार आहे. ती ‘हरित’ असावी, असा ठराव झाला आहे. म्हणजे नेमके काय करावे?
— एक ग्रामपंचायत सदस्या, हदगाव तालुका

उत्तर : ताई, ठरावानंतर बहुतेक ठिकाणी फलक लागतो आणि पाच जूनला रोपे. तुम्ही ‘नेमके काय’ असे विचारलेत, हे चांगले झाले.

आखणी करण्याआधी एका जोरदार पावसात छत्री घेऊन त्या जागेवर जावे आणि पाणी कुठून येते, कुठे जाते, हे पाहावे. ओढ्याच्या वाटेवर एकही प्लॉट पाडू नये. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात नद्या-ओढ्यांनी जमिनी खरवडून नेल्या, तेव्हा वस्त्यांत पाणी शिरले ते बऱ्याच ठिकाणी बुजवलेल्या नाल्यांच्या जुन्या वाटेनेच.

मग छपराचे पाणी. 600 चौरस फुटांच्या छतावर 700 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला, तरी सुमारे 31 हजार लिटर पाणी हाती येते. ते सगळे साठवायची टाकी परवडणार नाही. पण पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला रोज 25 लिटर धरले, तर पाच हजार लिटरची टाकी दोनशे दिवस पुरते. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून द्यावे, पुढचे जाळीतून टाकीत घ्यावे आणि टाकी भरल्यावर उरलेले सामाईक विहिरीजवळच्या खड्ड्यात जिरवावे. हे बांधकाम परवान्याच्या अटीतच घालावे.

सांडपाण्यासाठी तुम्हाला दूर जायला नको. तुमच्याच जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून उघड्या गटारांना आणि डासांना रजा दिली. चार फूट लांब, रुंद, खोल खड्डा, मध्ये भोके पाडलेले सिमेंटचे भांडे, भोवती दगडगोटे. एक सावधगिरी मात्र घ्यावी. काळी माती पाणी जिरवत नाही, फुगते. खड्डा मुरमापर्यंत गेला नाही, तर महिन्याभरात तुंबतो आणि योजनेलाच नावे ठेवली जातात. जिथे मुरूम खोल आहे, तिथे हे पाणी आळवावर, केळीवर किंवा परसबागेत सोडावे. शौचालयाचे पाणी यात घेऊ नये आणि खड्डा विहिरीपासून लांब असावा.

देखभाल कोण करणार, हे आखणी करतानाच ठरवावे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याने वेळेवर कर भरणाऱ्या घरांना दळण मोफत दिले आणि त्यामुळे करवसुलीचा तिढा सुटला. हरित वसाहतीला रोपांपेक्षा अशा गिरणीची गरज जास्त असते. याच शहरात मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर-ए-अंबरी काढली. डोंगराकडचे पाणी पंपाविना, केवळ उतारावर, जमिनीखालून वस्तीत आले, आणि जागोजागी ठेवलेल्या मनोऱ्यांतून व झरोक्यांतून ती साफ करता येत असे. नहर शतकानुशतके चालली, त्यात त्या झरोक्यांचा वाटा मोठा होता.

प्रश्न : बांधावर कोणती झाडे लावावीत? शेजारी सावलीची तक्रार करतो आणि शेळ्या काही ठेवत नाहीत.
— एक वाचक, धारूर तालुका

उत्तर : तुम्ही बालाघाटात राहता आणि हा प्रश्न मला विचारता! सीताफळ लावा. पानाला शेळी तोंड लावत नाही, उंची बेताची असल्यामुळे सावलीची तक्रार राहणार नाही, मुरमाड बांधावर पाण्याविना जगते, आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे. उत्तर-दक्षिण बांध असेल, तर दोन सीताफळांमागे एक शेवगा चालेल. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की बिया थेट बांधात टोचाव्यात. बियाणे आदल्या दिवशी भिजत घालावे, कारण साल कठीण असते. उगवायला महिना लागतो, तोवर बांध खुरपू नये.